नऊ इंच

अहवालाचा नमुना. रकाना नऊ : बांधकामातले दोष.
मी लिहिलं, खिडक्या जमिनीपासून अवघ्या नऊ इंचांवर.
आणि पेन तसंच धरून राहिलो.

बाबा सांगायचे त्याचं नाव, एमिल हार्निश.
गोळीबार चौकातली माणसं म्हणायची हरनेस साहेब,
पुढं पुढं नुसतंच हरणे.
काही म्हातारे अजून त्याला कोकणातला समजतात.

त्याच्या देशातही तो काही मोठा नव्हता.
तालुक्याएवढ्या गावात त्यानं बांधला होता
एक बंबखाना, दोन शाळा, गुरांच्या बाजाराचं छप्पर
आणि स्मशानाजवळ एक खोली,
पावसात अडकलेल्या माणसांनी थांबावं म्हणून.
त्या खोलीबद्दलच जास्त बोलायचा, म्हणे.
बाकाची उंची हातानं दाखवायचा :
रडून आलेला माणूस खाली खचतो,
म्हणून दीड इंच कमी.

नागपुरात कसा आला, कुणालाच नीट माहीत नाही.
मँगनीजच्या खाणवाल्यांनी आणला म्हणतात,
किंवा बायको गेल्यावर नकाशावर डोळे मिटून बोट ठेवलं.
बाबा त्याचे ट्रेसर. वय वीस, पगार अठ्ठावीस रुपये.
मे महिन्यात घामाचा थेंब पडून शाई फुटायची,
तेव्हा दोघंही मनगटाला पंचा गुंडाळून बसत,
एकाच टेबलाच्या दोन कडांना.

विणकर सोसायटीची शेड काढायची होती.
खात्याच्या पुस्तकात नियम : खिडकीचा तळ अडीच फूट.
अडीच फूट काढून झाल्यावर
हार्निश सायकलवर टांग टाकून गेला लटारू परात्यांच्या घरी
आणि म्हणाला, उठा जरा.
खड्ड्यात पाय सोडून स्वतः बसला मागावर.
बसला तो बसलाच.
नवतपा चालू. ताणा वाळून तटतट तुटत होता.
परात्यांची बायको दारातून म्हणाली,
"काऊन जी, याले घर नाही का?"

उन्हं कलल्यावर त्यानं विचारलं एवढंच :
माझे डोळे आता कुठं आहेत?
बाबांनी पट्टी लावली. सव्वादोन फूट.
आणि कापड?
नऊ इंच.

त्यानं ती रेघ ब्लेडनं खरवडली,
कापडाला भोक पडेल इतकी.
उत्तरेच्या भिंतीत अकरा खिडक्या, नऊ इंचांवर,
बाहेर प्रत्येकीखाली पाण्याची उथळ कुंडी,
वारा ओला होऊन आत यावा, धागा नरम राहावा.
वरून शेरा आला : ही खिडकी की मांजराची वाट?
त्यानं उत्तर लिहिलं मराठीत, बाबांना विचारून विचारून,
तरी वेलांट्या चुकल्याच :
माणूस बसलेला आहे.

मग सप्टेंबर. लढाई तिकडं लागली, पोलीस इकडं आले.
सहा खिडक्या झाल्या होत्या.
तारेच्या कुंपणाआडून बाबांना एकच कार्ड आलं,
त्यात एकच प्रश्न : कुंड्यांना उतार दिला का?
उरलेल्या पाच बाबांनी उभ्या करून घेतल्या,
नकाशावर सहीची जागा कोरी ठेवून.
पुढं त्याचं काय झालं, याच्या बाबांकडे दोन गोष्टी होत्या.
मूड पाहून एखादी सांगायचे.

आता माग नाहीत.
आधी रेशनचं दुकान झालं, मग लग्नाच्या खुर्च्यांचं गोदाम.
कुंड्यांत कुत्री झोपतात. चार खिडक्या विटांनी बुजवल्या.
टेप धरलेला शिपाई म्हणाला,
"उलटं बांधलं का जी हे कोणी?"

त्याला चहाला पाठवलं.
खड्डा कुठं होता ते फरशीच्या रंगावरून कळत होतं.
पँट मळू नये म्हणून आधी रुमाल अंथरला,
मग उचलला, आणि बसलो.
उजेड सरळ मांडीवर आला.
हात रिकामे होते,
त्यामुळं जरा जास्तच दिसले.

ब्लेड नव्हतं जवळ.
रकाना नऊवर आडवी रेघ मारली,
बाजूला आद्याक्षरं केली, खात्याच्या शिस्तीप्रमाणे.
रकाना दहा : छत गळतं का?
हो. चार ठिकाणी.